दुसरी जॅकवेल की डोंगरातला पऱ्ह्या?

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावाच्या पाणी समितीत मी सहा वर्षं होतो. गाव बाजारपेठेचं, वस्ती सहा हजारांच्या आसपास. सध्या शेजारच्या दोन गावांतून एकच विचारणा होतेय: योजना वाढवायची आहे, तर खाली नदीत दुसरी जॅकवेल, म्हणजे पंपाने पाणी उपसायची विहीर, बांधावी की वरून डोंगरातल्या पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी उताराने आणावं? आमच्यापुढेही हाच प्रश्न होता, म्हणून आमचा अनुभव मांडतो. तुमचा चढउतार वेगळा असेल, तेवढी सूट धरून वाचा.

बोअरचं आधी उरकतो. जांभ्याच्या खाली काळा कातळ, त्यात पाणी लागलं तर भेगेपुरतं. आमच्या बंदरवाडीतल्या दोन बोअरना तिसऱ्याच उन्हाळ्यात मचूळ पाणी यायला लागलं. दोन-चार घरांची सोय म्हणून ठीक, पण सगळं गाव त्यावर टाकू नये.

जॅकवेलची बाजू दुबळी नाही. नदीच्या डोहात मे अखेरीपर्यंत पाणी असतं, जागा बहुधा आधीच ताब्यात असते, पाइप रस्त्याच्या कडेने येतो. कोणाच्या कलमांच्या बागेतून चर खणायला नको, संमतीपत्रांसाठी मुंबईच्या भाऊबंदांना फोन नकोत. अंदाजपत्रकही लवकर मंजूर होतं. माणशी 55 लिटरने आमची गरज दिवसाला 3 लाख 30 हजार लिटर. हे पाणी 80 मीटर उचलायचं, पंप-मोटरची कार्यक्षमता 60 टक्के धरायची, तर रोज 120 युनिट लागतात. हे बिल पाणीपट्टीतून निघतं. बिलाला आम्ही कधी घाबरलो नाही.

आम्हाला घालवलं ते व्होल्टेजने. मे महिन्यात चाकरमानी येतात, घरोघरी पंखे, फ्रिज, विहिरीवरच्या मोटरी चालू होतात, आणि नेमकी तेव्हाच पाण्याची ओढ असते. आमचे पंपवाले रात्री पंपघरात बाकड्यावर बसून मीटरच्या काट्याकडे बघत असायचे. 415 पाहिजेत, काटा 340 वर. मला फोन यायचा, “मास्तर, काटा वर जाईना, लावू काय तशीच?” एकदा मीच ‘लावा’ म्हटलं. मोटर जळली. रिवाइंडिंग होऊन यायला पाच दिवस गेले.

लाईट आली तरी लगेच पाणी येतं असं नाही. रिकामी पडलेली लाइन भरायला दोन-अडीच तास, आधी गढूळ पाणी, मग उताराच्या वाड्या भरणार. सगळ्यात शेवटच्या टोकाला असलेल्या वरच्या वाडीपर्यंत धार पोहोचायच्या आत पुन्हा लाईट जायची. तिथल्या बायका पहाटे तीनला कळश्या मांडून बसलेल्या मी पाहिल्यात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ झालं, त्यानंतर तर आमच्याकडे बारा दिवस लाईट नव्हती. जनरेटर होता, पण रस्त्यावर झाडं आडवी, डिझेल आणणार कुठून? ते बारा दिवस गाव जगलं ते वाडीवरच्या पऱ्ह्यावर. हंडे डोक्यावर घेऊन लोक तिथेच जात होते, आणि समितीचं मत तिथेच फिरलं.

डोंगरातलं पाणी उताराने आणणं नवं नाही. रत्नागिरीकरांनी पानवल धरणाचं पाणी वर्षानुवर्षं उतारानेच घेतलं. पण त्रास इथेही आहेत. आमच्या सव्वातीन किलोमीटरच्या लाइनीसाठी संमत्या मिळवण्यात दीड वर्ष गेलं. पाणी दर 10 मीटर खाली उतरलं की पाइपातला दाब चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलोने वाढतो. म्हणून मध्ये दाब तोडणाऱ्या टाक्या लागतात, नाहीतर खालचा पाइप फुटतो. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह नसला तर हवा अडकते आणि पाणी थांबतं. पहिल्या पावसात पाल्याने जाळी भरते, कोणीतरी रोज वर जावंच लागतं. पण हे सगळं गावातल्या माणसाला पान्ह्याने आणि हाताने दुरुस्त करता येतं.

खरा प्रश्न मे महिन्याचा. आम्ही मे अखेरीस पऱ्ह्याला मातीचा बांध घातला, त्यात पाइपाचा तुकडा बसवला आणि 15 लिटरची बादली धरली. भरायला 5 सेकंद लागली, म्हणजे दिवसाला 2 लाख 59 हजार लिटर. गरजेपेक्षा सत्तर हजार कमी. त्यामुळे जुनी जॅकवेल मोडली नाही. उन्हाळ्याचे सहा-सात आठवडे ती दोन-तीन तास चालते, तेही व्होल्टेज बरं असेल त्या वेळी. वरचं पाणी चोवीस तास येत राहतं, म्हणून ते धरून ठेवायला टाकी मात्र मोठी बांधावी लागली.

तुमच्याकडे बादली भरायला 15 सेकंद लागत असतील तर मी जॅकवेलच सुचवेन, आणि सोबत सौर पंपाची चौकशी करा म्हणेन. 5-6 सेकंदांत भरत असेल तर संमतीपत्रांच्या कटकटीला भिऊन पऱ्ह्या सोडू नका. मोजणी मात्र दिवाळीत नको, मे अखेरीस करा. आणि वर जाताना शेवटच्या टोकाच्या वाडीतल्या दोघीतिघींना सोबत न्या, बादली त्यांच्याच हातात द्या.