नोव्हाकोरवर रिले टेस्टिंग: रॅक चोख, अँप्लिफायर नीट बघून घ्या

विनिपेगच्या आरटीडीएस कंपनीचा नोव्हाकोर हा वीजजाळ्याचं मॉडेल प्रत्यक्ष वेळेत चालवणारा सिम्युलेटर रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला सांगणारं उपकरण) टेस्टिंगसाठी घेण्यासारखा आहे. 50 मायक्रोसेकंदांच्या टाइम-स्टेपवर मॉडेल चालू असतानाच फॉल्ट (शॉर्ट-सर्किटसारखा बिघाड) द्यायचा. रिलेने ट्रिप दिला की मॉडेलमधला ब्रेकर उघडतो आणि बदललेले करंट-व्होल्टेज लगेच रिलेला दिसतात. रेकॉर्ड केलेला फॉल्ट नुसता वाजवणाऱ्या टेस्ट किटला हे जमत नाही.

मात्र खरेदीत सगळा जीव रॅकवर, म्हणजे सिम्युलेटरवर असतो आणि त्याचे लहान सिग्नल रिलेच्या पातळीपर्यंत वाढवणारा अँप्लिफायर शेवटच्या ओळीत उरकला जातो. घोळ तिथेच होतो. समजा अँप्लिफायर 25 अँपिअर आरएमएसचा, गेन प्रति व्होल्ट 5 अँपिअर. 1 अँपिअर सीटीवर (सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर) 15 अँपिअरचा फॉल्ट त्यात आरामात बसेल असं वाटतं. पण पूर्ण डीसी ऑफसेट आला (फॉल्टच्या सुरुवातीला लाट एका बाजूला सरकली) की शिखर 42 अँपिअरवर जातं, अँप्लिफायरची मर्यादा मात्र 35. जीटीएओ कार्ड (सिम्युलेटरचं अ‍ॅनालॉग आउटपुट) ±10 व्होल्टचं, त्याला 8.5 व्होल्ट जड नाहीत. लाट अँप्लिफायरमध्येच वरून कापली जाते. रिलेच्या रेकॉर्डमध्ये ते थेट सीटी सॅच्युरेशनसारखं (सीटीचा गाभा भरून लाट बिघडल्यासारखं) दिसतं, आणि मग चुकीच्या सेटिंगचा शोध सुरू होतो!

स्केलिंग भरताना जीटीएओ ब्लॉक 5 व्होल्टला किती शिखर-मूल्य ते विचारतो, आरएमएस नव्हे. 220 केव्हीचा पीटी (व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) 110 व्होल्टचा, अँप्लिफायरचा गेन 50 पट, तर 500 केव्ही भरा. रिलेवर फेज व्होल्टेज 63.5 (110/√3) ऐवजी 90 व्होल्ट दिसलं, तर कुणीतरी √2 ने भागलंय.

ट्रिप कॉन्टॅक्ट डिजिटल इनपुटवर आणाच, पण ब्रेकरचा 52ए (ब्रेकर बंद आहे की उघडा ते सांगणारा कॉन्टॅक्ट) परत रिलेला द्यायलाही विसरू नका. त्याशिवाय ऑटो-रिक्लोजच्या (ट्रिपनंतर ब्रेकर आपोआप पुन्हा जोडण्याच्या) चाचणीला अर्थ नाही.

प्रोसेस बसचे (करंट-व्होल्टेज नेटवर्कवरून डिजिटल घेणारे) रिले असतील तर जीटीनेट या नेटवर्क कार्डवरून दर सायकलला 80 सॅम्पल थेट पाठवता येतात, अँप्लिफायर लागतच नाही. क्लॉक सिंक तेवढं आधी तपासा. ते सुटलं की डिफरन्शियल संरक्षण (दोन टोकांच्या करंटची तुलना करणारं) ब्लॉक होतं आणि दोष रिलेच्या माथी येतो.

खरा इन्व्हर्टर जोडायचा तर गणित वेगळं. एका स्टेपचा उशीर 50 हर्ट्झवर 0.9 अंश. रिलेला फरक पडत नाही, व्होल्टेज-करंट दोन्ही सारखेच मागे पडतात. पॉवर लूपमध्ये (मॉडेल आणि खरं हार्डवेअर अँप्लिफायरने जोडलेलं असताना) मात्र मॉडेलचा सोर्स इंपिडन्स हार्डवेअरपेक्षा जास्त झाला की लूप डोलायला लागतो. करंट फीडबॅकवर लो-पास फिल्टर टाकला की शांत होतो, पण फेजची अचूकता जाते. म्हणून सुरुवात रेझिस्टर बँकेने, कमी व्होल्टेजवर करा, इन्व्हर्टर त्यानंतर.