तारकर्लीच्या होमस्टेच्या साईटसाठी एलिक्सिर ही प्रोग्रामिंग लँग्वेज घेतली, त्याचा रिव्ह्यू

काकांचा तारकर्लीला होमस्टे आहे, पाच खोल्या, बुकिंग वहीत, त्यामुळे मे महिन्यात एकच खोली दोघांना दिली जायची. म्हटलं साईट करून देतो. फंक्शनल लँग्वेजच (म्हणजे प्रोग्राम गणितासारखा छोट्या छोट्या फंक्शन्सचा बांधायचा) घ्यायचा हट्ट माझा, काकांना काय पडलंय त्याचं.

आधी हास्केल बघितली. टाईप्स (आकड्याच्या जागी मजकूर असल्या चुका आधीच पकडतात) एक नंबर, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर सगळं कंपाईल, म्हणजे मशीनला चालेल असं, होईस्तोवर लाईट जाऊन परत आली. एल्मचे एरर मेसेज तर चांगल्या मास्तरांसारखे समजावून सांगतात, पण ती ब्राउझरपुरतीच, सर्व्हर वेगळा लिहा, आणि मी बघितलेलं ०.१९.१ व्हर्जन २०१९ चं, म्हणजे जुनंच.

मग एलिक्सिर आणि फिनिक्स, म्हणजे त्यात साईट बनवायचा तयार सांगाडा. खाली अर्लांग या जुन्या लँग्वेजचं व्हीएम (प्रोग्राम चालवणारं इंजिन), जे एरिक्सनवाल्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेलं, त्यामुळे प्रत्येक कनेक्शनची वेगळी हलकी प्रोसेस, एक पडली तरी बाकीच्यांना पत्ता नाही. फिनिक्समधलं लाईव्हव्ह्यू (सर्व्हरवरून पान आपोआप ताजं ठेवणारं) तर कमाल, एकाने खोली घेतली की दुसऱ्याच्या मोबाईलवर लगेच 'फुल' दिसतं आणि मी जावास्क्रिप्ट जवळपास लिहिलीच नाही.

आता रडगाणं. लाईव्हव्ह्यूला सतत कनेक्शन लागतं आणि आमच्याकडे पावसात रेंजचं काय होतं ते सांगायला नको. फॉर्मला आयडी आणि चेंज इव्हेंट (काही भरलं की सर्व्हरला कळवणारा) दिला तर रेंज आल्यावर भरलेलं परत येतं, हे मला कळलं तिसऱ्या आठवड्यात! आणि डबल बुकिंग थांबलं ते लँग्वेजमुळे नाही हां, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तारखांवर कन्स्ट्रेंट टाकला म्हणून, म्हणजे एका खोलीच्या तारखा एकमेकांवर आल्या तर तो बुकिंग घेतच नाही.

पाचपैकी चार स्टार. काका अजून वहीतपण लिहितात.