८० लिटरची स्टीम केटल, आठ महिन्यांनंतर: घेण्याआधी खालचा कॉक उघडून बघा

आठ महिन्यांत एकदाही वरण खाली लागलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे बरीच तक्रार आहे. आमच्या मेसमध्ये रोज दीडशे ताटं होतात. पूर्वी डाळ पातेल्यात शिजायची तेव्हा एक माणूस सतत ढवळायला उभा असायचा. केटलच्या दुहेरी भिंतीत (जॅकेटमध्ये) हीटरने केलेली वाफ असते, १ बार दाबाला साधारण १२० अंश. त्यामुळे तळ करपत नाही आणि तो माणूस पोळ्यांना मोकळा झाला.

पण तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आमटीला आंबूस वास आला. डाळ ताजी, भांडं लखलखीत. वास येत होता खालच्या कॉकमधून, म्हणजे माल काढायच्या तोटीतून. आदल्या रात्री मुलांनी कॉक उघडून नुसतं पाणी सोडलं होतं आणि आतल्या फिरत्या भागामागे डाळ तशीच अडकून राहिली होती. ५० लिटर आमटी ओतून द्यावी लागली. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. केटल बसवायला आलेल्या माणसाने तासभर बटणं समजावली, पण कॉकबद्दल एक शब्द काढला नाही.

हा कॉक आणि त्याची नळी जॅकेटच्या बाहेर असते. वर खळखळून उकळी आली तरी नळीतला माल तेवढा तापत नाही. म्हणून आता आधण आलं की दोन लिटर खालून काढून परत वर ओततो. बादली स्टीलची, हातात कोपरापर्यंतचे मोजे. रात्री केटल पूर्ण रिकामी, मेन स्विच बंद, दाबाचा काटा खाली आणि भांडं कोमट झालं की मगच कॉक सुटा करायचा. भरलेल्या केटलचा कॉक सैल करू पाहणाऱ्या मुलाला मी वेळेवर ओढलं होतं, नाहीतर उकळती डाळ त्याच्या पायांवर आली असती. सुटे भाग साबणाच्या पाण्यात, नळीत लांब ब्रश, वायसर बोटाने चाचपून बघायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

चौथ्या महिन्यात माझं मत आणखी बिघडलं. ५० लिटर पाण्याला अर्ध्या तासात उकळी यायची, ती पाऊण तासावर गेली. जॅकेटमधला जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही थेंबथेंब गळत होता. सर्व्हिसचा माणूस म्हणाला, हीटर बदला, आणि व्हॉल्व्हला डमी, म्हणजे बूच, मारून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही. ती वाट बंद केली तर वाढलेला दाब जाणार कुठे?

दुसऱ्या मेकॅनिकने आधी थंड केटलचा काटा पाहिला. आमच्यासारख्या बंद जॅकेटमध्ये वाफ थंड होऊन पाणी झाली की काटा शून्याच्या खाली जायला हवा. आमचा शून्यावरच होता. गळक्या व्हॉल्व्हमधून आत हवा शिरली होती आणि ती हवाच उष्णता अडवत होती. त्याने व्हॉल्व्ह नवा बसवला, हवा काढली, आणि उकळी पुन्हा अर्ध्या तासात. हीटर चांगलाच होता. म्हणजे उशिरा तापण्याचा दोष मी केटलवर उगाच ठेवला होता, तो मागे घेते. कॉकचा नाही.

बाकी सफाई सोपी आहे. माल काढल्यावर लगेच कोमट पाणी. तापलेल्या रिकाम्या केटलमध्ये गार पाणी कधीच नाही. तारेची घासणी मी घरातूनच काढून टाकली, तिच्या चऱ्यांवर गंज धरतो. पाणी उकळल्यावरच मीठ घालायचं, खारट माल रात्रभर ठेवायचा नाही, नाहीतर स्टीललाही बारीक खड्डे पडतात. आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर महिन्यातून एकदा सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो.

कंपनीने कॉकचा वायसर सुटा द्यायला नकार दिला, अख्खा कॉकच घ्या म्हणाले. मी बाजारातून खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या सिलिकॉनचे चार वायसर मापाने करून आणले. त्यातले तीन अजून डब्यात आहेत.