साडेअकरा हजारांचं पॅकेज आणि एकवीसशेंची दुर्बीण

मी एसटीत कंडक्टर. रूट सातारा-महाबळेश्वर. 'मेढा, केळघर, महाबळेश्वर' ओरडून घसा बसणं हे आमच्या पगारातच धरलेलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात बसलेला आवाज पाचव्या आठवड्यातही उठेना. घरात कुणी काही बोललं नाही. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तेवढं ताटावर चमच्याने दोनदा वाजवलं.

अण्णांचं स्वरयंत्र कॅन्सरमुळे काढलंय. मानेतल्या भोकातून श्वास घेतात, त्यावर आईने शिवलेला पातळ रुमाल. हाक मारायची तर ताट-चमचा. आमच्या लायनीत डबल बेल म्हणजे गाडी सोडा. मी समोर गेलो, तर पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'घसा दाखव.'

आता मी काय केलं, तर आधी चुकीच्या ठिकाणी गेलो. एका मोठ्या लॅबवाल्यांचा फोन आला होता. 'सर, घरात कॅन्सर पेशंट आहे ना, मग फॅमिली रिस्क पॅकेज घ्याच.' ११,५०० रुपये. पोरगा सकाळी सातला घरी आला, चार बाटल्या रक्त, नळीत थुंकी, पंधरा मिनिटांत पसार. वागायला चांगला होता, वेळेवर आला, तेवढ्यासाठी पाचपैकी एक तारा. तीन आठवड्यांनी चौतीस पानांचा रिपोर्ट, सगळा इंग्रजीत, रंगीत चकत्या काढलेल्या. त्यात सीए-१२५ नॉर्मल. नंतर कळलं, ती तपासणी बायकांच्या बीजांडकोशाची. मला कशाला केली, ते त्यांनाच माहीत. या सगळ्यात माझ्या घशात बॅटरी मारून एकाही माणसाने बघितलं नाही. फोन केला तर म्हणे रिपोर्ट समजावून सांगायचं कन्सल्टेशन वेगळं, त्याचे पैसे वेगळे.

मग गेलो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, शहरातच. पहिला मजला, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या तोंडाशीच पानटपरी! दीड तास बसावं लागलं. तपासायचे ६००, दुर्बिणीचे १,५००. नाकात कडू फवारा मारला, घशात गोळा अडकल्यासारखा झाला. मग शेवयाएवढी बारीक नळी नाकातून खाली. 'ई... म्हणा. अजून लांब ई...' समोरच्या पडद्यावर माझ्याच आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दाराच्या फळ्यांसारख्या मिटत-उघडत होत्या. कडेला ओरडून ओरडून आलेल्या बारीक गाठी होत्या. कॅन्सर नाही. पाच मिनिटांचं काम. वर दटावलं, की आवाज तीन आठवड्यांच्या वर बसून राहिला की थांबायचं नाही, तुम्ही फार थांबलात.

मी विचारलं, 'हे आमच्या रक्तात आहे का?' डॉक्टर उलट मलाच विचारत बसले. कोण काय खातं, कोण पितं, आई मिश्री लावते का. मग केसपेपरच्या पाठीवर आकडे लिहिले. २००९ साली बारा अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला होता. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत तोंडा-घशाचा कॅन्सर असेल तर धोका साधारण १.७ पट. आईवडिलांत असला तर १.५, भावंडात असला तर २.२. घरात आजार आणि वर स्वतःला तंबाखू आणि दारू दोन्ही, तर ७.२ पट. आणि ज्यांना दोन्हीचा नाद नव्हता, त्यांच्यात नुसत्या नात्याने वाढलेला धोका दिसला नाही. 'एखादाच जीन धरून हा कॅन्सर घराण्यात फिरतो असं क्वचित,' म्हणाले. 'तुमच्याकडे वारशाने चंची आलीय का, ते आधी बघा.'

आली होती. माझी मी अण्णांच्या ऑपरेशनच्या दिवशी नाल्यात टाकली. धाकट्या भावाचा मावा मात्र चालूच. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, पण प्लास्टिकच्या कागदात मळलेला मावा कोण धरतंय? त्याला पुढच्या आठवड्यात ओढत नेलं. डॉक्टरांनी तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. सुपारीने गाल आतून आवळत आलाय, आणि डाव्या बाजूला, मावा ठेवायच्या जागी, पांढरा चट्टा. त्याचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं ठरलंय. चट्टा दाखवायला डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा दिला होता. तेव्हापासून जेवताना गप्प असतो. मावा सोडलाय म्हणतो. खिसे बायको तपासते.

दवाखान्याला चार तारे. एक कापला तो जिन्यासाठी, कारण अण्णांना वर न्यायचं तर दोनदा टेकवावं लागतं. गुरुवारी बंद. नाव सकाळी नऊच्या आत लावा. यूपीआय चालतं. जुने रिपोर्ट असले तर न्या, ते खरंच वाचतात. माझी चौतीस पानं त्यांनी दोन मिनिटांत उलटली आणि फाइलच्या तळाशी ठेवली.

काका राहिलेत. अण्णांचे सख्खे भाऊ, म्हणजे २.२ वाले, आणि संध्याकाळी बिडी आणि क्वार्टर दोन्ही. 'मला काय झालंय?' म्हणतात. रविवारी अण्णाच जाणार आहेत त्यांच्याकडे, पाटी घेऊन.