मुलाचा निरोगी ईसीजी दाखवून झालेली आमची फसवणूक

आमचा मुलगा तेव्हा १४ वर्षांचा होता. रात्री साडेनऊला क्लासहून यायचा, पोटभर जेवायचा आणि लगेच आडवा व्हायचा. मग छातीच्या मधोमध जळजळ सुरू होई आणि ‘आई, छातीत धडधडतंय’ असे तो सांगे. कबड्डीच्या सरावात मात्र तासभर पळूनही त्याला कसलाच त्रास होत नसे. सर्वांत महत्त्वाची खूण हीच होती. पण आम्ही ती कुणाला सांगितली नाही आणि शिबिरात कुणी विचारलीही नाही.

ते शिबिर म्हणजे आमच्या सोसायटीच्या सभागृहात एका आरोग्य केंद्राने भरवलेली मोफत हृदयतपासणी. पांढरा अ‍ॅप्रन घातलेल्या तरुणाने ईसीजी काढला आणि यंत्राने कागदाच्या कोपऱ्यात छापलेल्या ‘अ‍ॅबनॉर्मल’ या शब्दाखाली लाल पेनाने दोनदा रेघ ओढली. ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत, छातीवरच्या पहिल्या तीन लीडमधल्या (म्हणजे ठोके टिपणाऱ्या जोडण्यांमधल्या) टी लहरी, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी आलेखात उमटणारे उंचवटे, उलट्या आहेत, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडते, असे त्याने ठामपणे सांगितले. नंतर मुलाच्या हातात धातूची एक नळी देऊन मिनिटभरात संगणकावर सगळ्या अवयवांचा अहवाल काढला. तीन महिन्यांच्या उपचाराचे ३६,००० रुपये आणि खेळ पूर्ण बंद. माझे हात कापत होते. त्याच संध्याकाळी आम्ही पैसे भरले.

त्यांच्या चूर्णाने अर्धा तास बरे वाटे, त्यामुळे आमचा विश्वास वाढत गेला. पुडीवर घटक, उत्पादक, परवाना क्रमांक यांपैकी काहीच छापलेले नव्हते, हे दिसत असूनही आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही.

तीन महिन्यांनी त्रास जसाच्या तसा राहिला, तेव्हा आम्ही बालहृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तोच कागद पाहिला. त्यावर वयाची जागा कोरी होती, म्हणजे यंत्राने तो प्रौढ माणसाचा समजून वाचला होता. त्यांनी माझी बोटे मुलाच्या मनगटावर ठेवली आणि त्याला सावकाश श्वास घ्यायला लावला. श्वास आत जाताना नाडी जलद होत होती, सोडताना मंदावत होती. मुलांमध्ये हे स्वाभाविक असते, आणि त्या लीडमधल्या उलट्या टी लहरीही मुलांमध्ये, पुष्कळदा किशोरवयातही, निरोगीच असतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही व्यवस्थित निघाली.

दुखणे आम्लपित्ताचे होते. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून खाली उतरते आणि दोन्हींकडच्या वेदनांचे संदेश नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळपास त्याच भागात पोचतात; म्हणून पोटातले आम्ल वर आले की दुखणे हृदयाचेच वाटते, आणि त्या भीतीने धडधड वाढते. मुलांच्या छातीत दुखण्यामागे हृदय क्वचितच असते, असे डॉक्टरांनी समजावले. पण धावताना किंवा खेळताना छातीत दुखले, चक्कर येऊन मूल बेशुद्ध पडले, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर क्षणाचाही विलंब न करता हृदय तपासून घ्या, हेही त्यांनी बजावले. काही आठवड्यांचे औषध, आठच्या आत जेवण आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे, एवढ्यावर दीड महिन्यात त्रास थांबला.

पैसे मागायला गेलो, तेव्हा पावतीवर ‘वेलनेस सदस्यत्व शुल्क’ लिहिलेले निघाले. कुणा डॉक्टरचे नाव किंवा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक त्यावर नव्हता; हा क्रमांक पैसे भरण्यापूर्वी अवश्य मागावा. हृदयरोग बरा करण्याची जाहिरात करण्यास औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ प्रमाणे मनाई आहे, म्हणून त्यांच्या पत्रकासह अन्न व औषध प्रशासनाकडे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आहे.

त्या तीन महिन्यांत शालेय कबड्डी संघाची निवड होऊन गेली. मुलगा आता पुन्हा मैदानावर जातो, पण जिना चढण्यापूर्वी अजूनही तो थांबतो आणि मनगटावर दोन बोटे ठेवून ठोके मोजतो.