साडेसहा हजारांचा फ्यूज, सहा महिने वापरून

मिरजेत वाढल्यामुळे एक गोष्ट लहानपणापासून पाहत आलोय. सतारमेकर गल्लीत तंबोरा घेऊन गेलं की चाचा जवारी लावायला घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात, केसभर पुढे, केसभर मागे, आणि म्हणतात, "आता ऐका." तोवर बोथट वाजणारी तार एकदम उघडते आणि षड्जातून गंधार स्वच्छ ऐकू येतो. दोन पैशांच्या धाग्यानं आवाज एवढा बदलतो. अ‍ॅम्प्लिफायरमधला साधा फ्यूज काढून महागडा घातला की आवाज सुधारतो, असा काही ऑडिओ-शौकिनांचा दावा असतो. त्यामुळे "एवढ्याशा फ्यूजनं काय होणार" असं म्हणून मला हा विषय सोडून देता येत नव्हता. एवढ्याशा गोष्टीनं खूप काही होतं, हे मी कानांनी अनुभवलंय.

म्हणून दिवाळीनंतर तसा एक 'ऑडिओफाइल' फ्यूज मागवला. साडेसहा हजार रुपये. आकार नेहमीचाच, ५ बाय २० मिलिमीटर. आत चांदीची तार, अंगावर दिशेचा बाण, आणि सोबत सूचना की २०० तास वाजल्याशिवाय मत बनवू नका. माझा अ‍ॅम्प जुना जपानी इंटिग्रेटेड आहे, स्पीकर बुकशेल्फ. रोज तीनेक तास ऐकणं होतं, बहुतेक ख्याल. जानेवारीच्या मध्यापर्यंत २०० तास झाले.

पहिल्या दिवशी मला फरक ऐकू आला, हे आधी सांगतो. फ्यूज घातला, किशोरीताईंचा भूप लावला आणि वाटलं की मागचा तंबोरा जास्त मोकळा झालाय, आलापातल्या जागा जास्त दिसतायत. दोन-तीन आठवडे मी मित्रांना हेच सांगत होतो. शंका आली ती एका संध्याकाळी. सर्दी झाली होती, आणि तीच रेकॉर्डिंग मला पुन्हा बोथट लागली. फ्यूज तोच होता, बदलले होते माझे कान.

मग भाच्याला बसवलं. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी पाठ करून बसायचो; तो अ‍ॅम्प बंद करून प्लग काढायचा, कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरेपर्यंत थांबायचा आणि नाणं उडवून महागडा किंवा साधा फ्यूज घालायचा. आवाजाची मूठ एकाच जागी, तुकडाही एकच, निव्वळ तंबोऱ्याचा दीड मिनिटाचा. दोन रविवारांत दहा फेऱ्या झाल्या आणि माझी सहा उत्तरं बरोबर आली. मी खूश झालो, पण भाच्यानं कागदावर हिशेब मांडून दाखवला: नुसती नाणेफेक केली तरी दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. फेऱ्यांमधलं अंतर पाच-सात मिनिटांचं होतं आणि तेवढ्या वेळात बारीक फरक कानात टिकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण मग पहिल्या दिवशी मी तुलना कशाशी केली होती? आदल्या रात्रीच्या आठवणीशी.

त्यानंतर आम्ही मोजायला लागलो. साध्या मल्टिमीटरवर एवढा बारीक रेझिस्टन्स नीट मिळत नाही, म्हणून भाच्यानं फ्यूजमधून बरोबर १ अँपिअर डीसी सोडला आणि दोन टोकांमधले मिलिव्होल्ट पाहिले; १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम. साधा फ्यूज २४ मिलिओहम, महागडा २१. फरक आहे, नाकारत नाही. पण माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी गुंडाळीचा रेझिस्टन्सच ४ ओहमच्या वर भरला. भिंतीतली दीड चौरस मिलिमीटर जाडीची वायर बोर्डापासून खोलीपर्यंत पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस, म्हणजे ०.३५ ओहमच्या आसपास. शांतपणे ऐकताना अ‍ॅम्प मेन्समधून पाव-अर्धा अँपिअर घेतो. तेवढ्यावर त्या ३ मिलिओहमांचा फरक दीड मिलिव्होल्टपेक्षा जास्त होत नाही, आणि आमच्याकडे संध्याकाळी २१८ असलेला व्होल्टेज रात्री अकरानंतर २४० वर जातो. शिवाय हा फ्यूज ट्रान्सफॉर्मरच्या आधी बसतो. पुढे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर आहे, मोठे कपॅसिटर आहेत, आणि स्पीकरला जाणारा करंट त्या कपॅसिटरमधून येतो. बाणाचं म्हणाल तर ५० हर्ट्झच्या मेन्समध्ये करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. मी उलटा घालूनही आठवडाभर ऐकलं, काही फरक नाही.

या खटाटोपात एक उपयोगाची गोष्ट सापडली. फ्यूज होल्डरच्या पितळी चिमट्या काळ्या पडल्या होत्या. होल्डरच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजलं तर १९० मिलिओहम, म्हणजे फ्यूजच्या आठपट. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, चिमट्या हलक्या हातानं आवळून पुन्हा मोजलं, ३० वर आलं. आवाज बदलला असं यावरही म्हणणार नाही, पण तिथली उष्णता नक्की कमी झाली. आणि खरा बदल झाला तो केबलवाल्याच्या वायरमुळे. शांत जागी बारीक घुंऽऽ यायची. सेट-टॉप बॉक्सची केबल काढली आणि ती गायब. ग्राउंड लूप होता, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडली जाऊन त्यातून मेन्सची घरघर आत शिरत होती. तंबोऱ्याच्या मागची ती घरघर गेली हे घरातल्या सगळ्यांना ऐकू आलं, पाठ करून बसावं लागलं नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आली, आणि महागडा फ्यूज उडाला. अ‍ॅम्प दुकानात नेऊन तपासला, काहीही बिघाड नाही. फ्यूज उडायलाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे: या फ्यूजवर रेटिंगचा आकडा सोडला तर कसलंच प्रमाणन छापलेलं नव्हतं. विक्रेत्याला दोनदा विचारलं, उत्तर आलं ते फक्त आवाजाबद्दल. साध्या चांगल्या फ्यूजच्या टोपीवर 'टी ३.१५ए एल २५०व्ही' असं कोरलेलं असतं. त्यातला टी म्हणजे स्लो-ब्लो, ट्रान्सफॉर्मर चालू होतानाचा झटका सोसणारा. एल किंवा एच वरून कळतं की शॉर्ट झाल्यावर तो किती करंट सुरक्षितपणे तोडू शकेल: एल असेल तर ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त ते, एच असेल तर १५०० अँपिअर. घराला आग लागू नये म्हणून बसवायच्या वस्तूवर ही अक्षरं नसतील तर मी ती पुन्हा अ‍ॅम्पमध्ये घालणार नाही. आणि कृपा करून फ्यूज उडतो म्हणून ३.१५ च्या जागी ५ चा घालू नका. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये दोन पदरी तार गुंडाळायची सवय आपल्याकडे अजून आहे, ती अ‍ॅम्पमध्ये आणू नका.

आता आत १५ रुपयांचा फ्यूज आहे, प्रमाणित आणि पूर्वीच्याच रेटिंगचा. त्याच जातीचे दोन सुटे खणात ठेवलेत. होल्डर वर्षातून एकदा साफ करायचा असं ठरवलंय. प्लग काढून, आणि कपॅसिटर उतरायला वेळ देऊन. पुढच्या आठवड्यात तंबोरा घेऊन चाचांकडे जायचंय, जोडीच्या तारांची जवारी बिघडलीय.