‘डेर, डी, दास’ शिकवणारे ॲप: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

येत्या पंधरा तारखेला ॲपची वार्षिक वर्गणी, म्हणजे 2,400 रुपये, खात्यातून पुन्हा कापली जाईल अशी सूचना परवा आली, म्हणून हा अनुभव लिहायला बसले. मी लातूरच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून आमच्या वॉर्डात जर्मनचा विषय सतत निघतो. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे जर्मनची बी 2 पातळी लागते (ए 2, बी 1, बी 2 अशा पातळ्या चढत जातात). पुण्याला जाऊन मी ए 2 उत्तीर्ण झाले आणि आता बी 1 चा अभ्यास करते आहे. ॲप घेतले ते फक्त नामांची लिंगे आणि आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारे डेर, डी, दास, पाठ होण्यासाठी.

मुख्य तक्रार आधी सांगते, कारण तिच्यामुळे माझे चार महिने वाया गेले. पडद्यावर शब्द निळ्या, लाल किंवा हिरव्या रंगात दिसतो. निळा म्हणजे डेर (पुल्लिंग), लाल म्हणजे डी (स्त्रीलिंग), हिरवा म्हणजे दास (नपुंसकलिंग). पण आवाज येतो तो नुसत्या नामाचा. ‘श्प्रित्से’ (इंजेक्शन) ऐकू येते, ‘डी श्प्रित्से’ कधीच ऐकू येत नाही. औसा ते लातूर एसटीत उभ्याने प्रवास करताना मोबाइल पर्समध्ये आणि इअरफोन कानात असतो. त्या वेळी रंगाचा काय उपयोग? चार महिने मी शेकडो शब्द त्यांच्या आर्टिकलशिवाय कानात साठवत होते.

हे लक्षात आले ते क्लासमध्ये. बँडेज बदलते आहे, एवढे वाक्य मला बोलायचे होते. फेरबान्ट हा शब्द ॲपवर मी प्रत्येक वेळी बरोबर ओळखला होता. पण बोलताना निळा रंग डोळ्यांपुढे आला आणि तोंडून मात्र ‘डी फेरबान्ट’ निघाले. हवे होते ‘डेन फेरबान्ट’, कारण पुल्लिंगी नाम कर्म झाले की डेरचे डेन होते. मॅडमनी वाक्य तीन वेळा म्हणवून घेतले. त्या रात्री ड्यूटीवर मी कंपनीला पहिला ईमेल लिहिला. उत्तर आले की आर्टिकल रंगाने दाखवलेले आहे. दुसऱ्या ईमेललाही तेच उत्तर, शब्दाचाही फरक नाही. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले, तेव्हा सात दिवसांची मुदत संपल्याचे कळवले. ज्या वस्तूतला दोष चार महिने वापरल्याशिवाय कळतच नाही, तिला सात दिवसांची मुदत लावणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा दोष स्पष्टीकरणाचा. अर्थ आणि नियम इंग्रजी व हिंदीतच आहेत. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘दास’ समजावण्यात तिथे दोन पाने जातात. मराठी माणसाला तो, ती, ते जन्मापासून येते. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, तरी तो शब्द नपुंसकलिंगी, याचे वर्गात सर्वांना आश्चर्य वाटले. पण ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की नाम नपुंसकलिंगीच होते. आपणही लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू यांना ‘ते’च म्हणतो. ‘मोठा, मोठी, मोठे’ जसे शेवट बदलते तसेच अनिश्चित आर्टिकलनंतर, म्हणजे ‘एक’ या अर्थाच्या शब्दानंतर, ‘ग्रोसर, ग्रोसे, ग्रोसेस’ बदलते, हे एका ओळीत सांगता आले असते. अर्थात मराठीचे लिंग जसेच्या तसे उचलता येत नाही. जखम, गोळी आणि रक्त जुळतात: डी वुन्डे, डी टाब्लेटे, दास ब्लूट. चेहऱ्याशी आले की सगळे फिरते. आपले नाक, तोंड आणि डोके तिन्ही नपुंसकलिंगी, तर तिकडे डी नाझे, डेर मुन्ट, डेर कोप्फ. आपला डोळा आणि कान पुल्लिंगी, तिकडे दास आउगे, दास ओर.

सहाव्या महिन्यानंतर मात्र माझे मत काहीसे बदलले, आणि ते प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण तोपर्यंत मी दोन मैत्रिणींना हे ॲप घेऊ नका असे सांगून बसले होते. प्रत्ययांचा धडा उत्तम आहे. ‘उंग’ प्रत्यय लावून क्रियापदापासून झालेले नाम स्त्रीलिंगी असते, आणि रुग्णालयातली जर्मन अशा शब्दांनीच भरलेली आहे: तपासणी म्हणजे उंटरझूखुंग, लसीकरण म्हणजे इम्प्फुंग, उपचार म्हणजे बेहान्डलुंग. एका आठवड्यात साठ-सत्तर शब्दांची चिंता मिटली. जोडशब्दाला शेवटच्या शब्दाचे लिंग लागते, हेही तिथेच पक्के झाले. दास ब्लूट आणि डेर ड्रुक मिळून रक्तदाब हा डेर ब्लूटड्रुक होतो. रिकाम्या जागा भरण्याची चाचणी तर नव्याने बांधली आहे. तिच्यात पूर्ण वाक्य येते आणि विभक्तीप्रमाणे आर्टिकल स्वतः टाइप करावे लागते, रंगांचा आधार नसतो. माझ्या चुका खऱ्या अर्थाने तिथे कमी झाल्या.

तरीही प्रत्यय सगळीकडे साथ देत नाहीत. डेर फिंगर (बोट), डी शुल्टर (खांदा), दास फीबर (ताप): शेवट सारखा आणि लिंगे तीन. असे शब्द कानानेच पाठ व्हावे लागतात, म्हणून माझी पहिली तक्रार आजही तेवढीच मोठी आहे. शेवटी मी माझ्याच आवाजात आर्टिकलसह शब्द रेकॉर्ड केले. उच्चार मॅडमकडून तपासून घेतले आणि प्रत्येक पुल्लिंगी नाम ‘डेर’ने एकदा, ‘डेन’ने एकदा म्हटले. आतापर्यंत साडेचारशे शब्द झाले आहेत. एसटीत आता तेच ऐकते. वीज नसताना आणि नेटवर्कशिवायही ॲप चालते, त्याबद्दल काही म्हणणे नाही.

वार्षिक वर्गणी मी आज बंद केली. वाक्यांच्या चाचणीसाठी परीक्षेआधीचे दोन महिने मासिक वर्गणी भरेन, तिचे 250 रुपये पडतात. कंपनीला तिसरा ईमेलही पाठवला आहे. त्यात फेरबान्टचे माझे रेकॉर्डिंग जोडले आहे.